माथ्यावरच्या रानातील मंगलकार्य

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराईस प्रारंभ होतो, आणि ज्या घरी उपवर मुलगी वा मुलगा आहे त्या घरातील वडीलधाऱ्यांची झोप उडते. मुहूर्त मिळाला तर कार्यालय मिळत नाही. कार्यालय मिळाले तर आचारी मिळत नाही. आणि सारे जुळून आले तरी शेवटची पंगत उठते न उठते तोच पुढच्या कार्याचे सामान दारात येऊन पडते. अशा घाईत लग्न लागते खरे, परंतु ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणूनच हल्ली पुष्कळ सुशिक्षित घरांतील मुले-मुली म्हणू लागली आहेत, की आमचे लग्न थोड्या माणसांत, मोकळ्या हवेत, झाडांच्या सावलीत निवांतपणे लागावे. वडील मंडळींस हे प्रथमदर्शनी खूळ वाटते. ते खूळ नव्हे. पण पोरखेळही नव्हे. रानातील निवांतपणा आयता मिळत नसून, त्याची किंमत आधी मोजावी लागते. ती कशी, हे माथेरानच्या उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर हे पठार पसरले आहे. १८५० साली ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट येथे चढून आले आणि मुंबईकरांच्या उन्हाळ्याची सोय झाली. १९०७ साली आदमजी पीरभाय यांच्या पैशाने व त्यांच्या पुत्राच्या परिश्रमाने नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी वर येऊ लागली. परंतु या गावाचे खरे वैभव गाडीत नसून गाडी नसण्यात आहे. मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तेथून पुढे जांभ्या दगडाच्या तांबड्या वाटा आणि त्यांवर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांची अशी दाट छाया, की भर दुपारी ऊन जमिनीवर कवडशांनीच उतरते. घोड्याच्या टापा, बुलबुलाची शीळ आणि मधूनच या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेणारे शेकरू, यांखेरीज दुसरी चाहूल लागत नाही. २००३ साली केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, ते उचितच झाले.

अशा ठिकाणी कार्य करावयाचे, तर पहिला प्रश्न ऋतूचा. चातुर्मासात लग्ने नाहीत आणि येथे पावसाळा तर अनावर. नेरळहून येणारी छोटी गाडीही त्या दिवसांत बंद ठेवतात. वैशाखात मुहूर्त पुष्कळ, परंतु तेव्हा वर पाहुण्यांची एकच गर्दी, आणि रानातला पाचोळा इतका वाळलेला, की होमातील एक ठिणगी उडाली तरी वणव्याचे भय. उरतो तो मार्गशीर्ष. पाऊस सरलेला, झाडे धुतलेली, हवेत गोड गारवा. मात्र या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडांखाली अंधार त्याही आधी दाटतो. तेव्हा गोरज मुहूर्ताचा मोह आवरून सकाळचा मुहूर्त धरावा आणि वऱ्हाड आदल्या दिवशी दुपारपर्यंत वर पोहोचेल असे पाहावे.

येथे आपल्या जुन्या विधींची एक गंमत ध्यानात येते. सीमांतपूजन म्हणजे गावाच्या शिवेवर वराचे स्वागत. शहरात ते कार्यालयाच्या एका खोलीत उरकतात. तेथे ना सीमा, ना प्रवास. दस्तुरी नाक्यापाशी मात्र खरीखुरी शीव आहे. तेथे प्रत्येकाला, मग तो कितीही मोठा असो, मोटारीतून उतरावेच लागते. त्याच ठिकाणी झाडाखाली पाट मांडून, वाट न अडवता, वरमंडळींचे पाय धुतले, औक्षण केले, तर त्या विधीचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

पुढचे दोन-अडीच किलोमीटर तरुणांनी चालत जावे. वृद्धांसाठी जवळच्या अमन लॉज स्थानकापासून छोट्या गाडीच्या फेऱ्या आहेत. घोडीही मिळतात, पण गुडघे धरलेल्या आजींना घोडीवर बसविण्याचा आग्रह धरू नये. माणसाने ओढावयाची हातरिक्षा येथे दीर्घकाळ चालली. ही अमानुष प्रथा सहा महिन्यांत बंद करावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये फर्माविले. मंगल दिवशी आपले ओझे दुसऱ्याच्या छातीवर घालून आपण वर चढावे, हे तसेही शोभणारे नव्हतेच. २०२२ च्या अखेरीस प्रयोगादाखल ई-रिक्षा सुरू झाल्या. त्यांची व्यवस्था आधी विचारून ठेवावी.

आता मांडवाची जागा. राखीव जंगलात मांडव घालण्याची कल्पना मनातही आणू नये. पठारावर जुने प्रशस्त बंगले व उपाहारगृहे आहेत. त्यांच्या आवारातच दोनतीनशे पावलांचे रान असते, तेवढे आपल्याला पुरते. जागा ठरविताना खाली पाहण्याआधी वर पाहावे. फांदीला आग्या मोहोळ असेल, तर होमाच्या धुराने माश्या उठतील आणि वऱ्हाडाची दाणादाण होईल. मोहोळ दिसले तर ते काढविण्याच्या भरीस न पडता आपणच दुसरे झाड शोधावे. होमकुंडाभोवती चार-पाच हात जमीन झाडून पाचोळा दूर करावा, पाण्याच्या भरलेल्या बादल्या व वाळू जवळ ठेवावी, आणि अग्नी पूर्ण विझेपर्यंत एका जबाबदार माणसाने तेथून हलू नये. झाडांना खिळे ठोकू नयेत. खाली मोठी सतरंजी अंथरून तिच्यावरच अक्षता पडू द्याव्यात, म्हणजे त्या गोळा करता येतात. नाहीतर तांदूळ दिसताच माकडे जमतात, आणि एकदा जमलेली माकडे जिलबीच्या परातीपर्यंत येण्यास वेळ लावीत नाहीत. कड्यांजवळ मुलांना एकटे सोडू नये. वाजंत्री म्हणून एक सनई-चौघडा पुरे. ध्वनिक्षेपकाने मंगलाष्टके गर्जावयाची, तर मग रानात यावे कशाला?

परंतु या साऱ्याहून बिकट प्रश्न पाहुण्यांचा आहे. एकत्र कुटुंबात लग्न म्हणजे केवळ वधूवरांचे नव्हे; चुलत-मावस नाती, शेजार, कचेरीतील स्नेही, अशी यादी सहज पाचशेवर जाते. रानात साठ-सत्तरांहून अधिक माणसे नेली तर रानही राहत नाही आणि निवांतपणाही. मग कोणास वगळावे? येथेच घरे दुभंगतात. ‘त्यांच्या धाकट्याला बोलावले, आमच्या थोरल्याला नाही,’ हे शल्य पुढे वीस वर्षे खुपते. म्हणून नियम एकच असावा आणि तो दोन्ही घरच्या वडिलांनी मिळून, स्वतःच्या तोंडाने सांगावा: आजी-आजोबा, आईवडील, सख्खी भावंडे, काका-आत्या आणि मामा-मावशी यांची जोडपी, वधूवरांचे चार-चार मित्र, बस. बाकीच्यांसाठी पुढच्या आठवड्यात घरी साधे स्वागतभोजन ठेवावे आणि ते निमंत्रण लग्नपत्रिकेबरोबरच द्यावे, मागाहून नव्हे. ज्या आजींना चढणे खरोखरच अशक्य, त्यांच्यासाठी मात्र बेत बदलावा. ज्यांच्या मांडीवर नवरी वाढली त्यांच्यावाचून लागलेले लग्न कितीही रम्य स्थळी लागले, तरी ते अपुरेच.

एवढे गाळले म्हणजे उरते काय, अशी शंका येईल. उरते ते सारे महत्त्वाचे उरते. अंतरपाट, कन्यादान, पाणिग्रहण, लाजाहोम, अश्मारोहण, सप्तपदी. यांना अग्नी, पाणी, मूठभर लाह्या, एक दगड आणि सात पावलांची जागा याहून अधिक काही लागत नाही. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण झाला, असेच मानले आहे. रोषणाई, सिंहासने आणि भेटवस्तूंच्या रांगा यांचा उल्लेख ना सूत्रांत, ना कायद्यात.

आणि शहराने आपल्यापासून हिरावलेला एक विधी रान परत देते. आश्वलायन गृह्यसूत्रात ध्रुव, अरुंधती व सप्तर्षी यांचे दर्शन घेऊन वधूने मौन सोडावे असे सांगितले आहे. कार्यालयात गुरुजी भर दुपारी छताकडे बोट दाखवितात आणि नवरी मुकाट्याने मान डोलावते. मार्गशीर्षात सप्तर्षी सायंकाळी दिसत नाहीत, ते मध्यरात्रीनंतर ईशान्येस उगवतात. म्हणून लग्नाच्या रात्री मंडळींनी वरच मुक्काम करावा आणि पहाटे चार-साडेचारला, शाली पांघरून, हातात दिवटी घेऊन उत्तरेकडचे आकाश मोकळे दिसेल अशा अंगणात यावे. मग दिवटी मालवावी. क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर ध्रुव. उजवीकडे, त्याहून वर, सप्तर्षी. त्यांच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी लगटून बसलेली बारीकशी अरुंधती. ती पाहण्यास डोळे थोडे स्थिरावू द्यावे लागतात. तिच्याकडे नातवंडे बोट दाखवीत आहेत आणि आजोबा डोळे बारीक करून तिला शोधीत आहेत, हे दृश्य कोणत्या कार्यालयात मिळणार?

दुसऱ्या दिवशी उतरताना पत्रावळी, फुले, दोऱ्या, सारा केरकचरा पोत्यांत भरून खाली न्यावा. सामान वाहणाऱ्या व घोडेवाल्या मंडळींस ठरल्याहून चार रुपये अधिक द्यावेत आणि पंगतीचे पान आधीच वाढलेले असावे. कार्यालय आपण भाड्याने घेतो, तेथे आपण धनी असतो. रान भाड्याने मिळत नाही. तेथे आपण पाहुणे आहोत. पाहुण्याच्या मर्यादेने जाणाऱ्या घरांनी हा बेत अवश्य करावा. ज्यांना यादी आवरत नाही, त्यांनी कार्यालयातच सुखाने लग्न करावे आणि नवदांपत्यास एकदा पहाटेची अरुंधती पाहण्यास वर पाठवून द्यावे.