सव्वा महिन्यानंतर

बाळंतिणीला भेटायला जाण्याची आपल्याकडे एक ठरीव पद्धत आहे. झबले-टोपडे न्यायचे, पाळण्यात डोकवायचे, नाक कुणाच्या वळणावर गेले यावर वाद घालायचा आणि चहा घेऊन निघायचे. ‘बाई, तू कशी आहेस?’ हे विचारायचे बहुधा राहूनच जाते. विचारलेच तर ‘दूध येते ना?’ एवढेच, म्हणजे तेही पुन्हा बाळासाठीच!

आमच्या गेवराईत गल्लीतली एक लेक दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सव्वा महिना सरला, शेकशेगडी आटोपली, डिंकाचे लाडू संपले. आता हिने हातपाय हलवावेत, असे घराला वाटू लागले. ती मात्र बसल्या जागी बसून राही. बाळ रडे, ती पाही, पण उठत नसे. एके दिवशी तिचे तीन वर्षांचे थोरले पोर एकटेच हमरस्त्यापर्यंत गेले. एका भाजीवालीने उचलून आणले म्हणून निभावले. गल्लीने लगेच निकाल दिला : ‘निष्काळजी आहे, दुसरे काय!’

मी मराठी शिकवते. शब्दांशी भांडणे हा माझा धंदाच. या शब्दाशी मात्र मी मनापासून भांडले. जिला काळजी नाही ती निष्काळजी. आणि ही पोरगी तर काळजीनेच रात्ररात्र जागत होती. ‘मावशी, कशातच जीव लागत नाही हो,’ ती मला म्हणाली. हा स्वभावाचा दोष नव्हे, आजार आहे. आणि तो उपचारांनी बरा होतो.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मातांचा अभ्यास केला. २००२ साली तो प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिले, तर शंभरातल्या तेवीस जणींना हा आजार होता. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, मुलगा हवा असताना झालेली मुलगी ही त्यामागची काही कारणे. पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली : अशा आयांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाला कमी भरण्याचे प्रमाण तीस टक्के होते, इतरांत ते बारा. सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिनाच की! नेमके त्याच सुमारास आपण बाळंतिणीवरची मायेची शाल काढून घेतो.

गल्लीतल्या त्या लेकीला तिच्या आईने बीडला डॉक्टरांना दाखवले. औषध चालू झाले, घरच्यांनी रात्रीचे बाळ वाटून घेतले. काही आठवड्यांनी ती थोरल्याला हाका मारताना ऐकू येऊ लागली.

पण तिला माहेर होते. दिवाळी सरली की आमच्या भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायची, म्हणून ओली बाळंतीणही निघते. बाळ फडाच्या कडेला झोळीत, थोरले ट्रॅक्टरच्या चाकांपाशी. त्या आईचेच मन विझले, तर पोरांवर दुसरी नजर कुणाची?

म्हणून पाळण्यात जरूर डोकवावे, पण नंतर आईजवळही बसावे. थोरल्याला तासभर आपल्या घरी आणावे. दोन आठवडे उलटूनही ती उदासच असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही २०२२ पासून आहे. आणि स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचे काही वावगे ती बोलली, तर ‘वेडी की काय’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. तिला क्षणभरही एकटी सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.