आमच्या सिएंटाचं सासर

लग्न होऊन सासरी गेलं की बाईचं नाव बदलतं, रेशनकार्डावर ते नव्यानं चढवावं लागतं आणि वर चारचौघांकडून पारखून घ्यावं लागतं. गाडीचंही अगदी तस्संच असतं, हे मला २०२३ साली कळलं. आमची टोयोटा सिएंटा तोक्योहून इंग्लंडला आली, तेव्हा तिची पारख मी जवळून पाहिली. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच जास्त पारखली गेले.

तोक्योच्या निशिकासाई भागात आम्ही सहा वर्षं होतो. तिथे मराठी घरं बरीच, त्यामुळे परकं असं वाटलं नाही. पुण्यात असताना लुनापलीकडे काही चालवलं नव्हतं. मोटार शिकले ती तिथे, चाळिशी उलटल्यावर. २०१८ साली ही सिएंटा घेतली, २०१२ची, जुनीच, पण माझ्या नावावर. तिथे गाडी ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो. तोसुद्धा मीच धावपळ करून आणला होता.

मग यांची बदली इंग्लंडला झाली. रेडिंग गावी घर मिळालं. यांनी कागदावर हिशेब मांडला. जहाजाचं भाडं, विमा, तिकडचे सोपस्कार. एवढ्या पैशांत तिकडे बरी गाडी मिळते, ही इथेच विकून टाकू. हिशेब चोख होता, आजही मी त्यात चूक काढू शकत नाही. पण त्यात सासूबाईंचे गुडघे नव्हते.

सासूबाई २०१९ मध्ये तोक्योला आल्या होत्या. सिएंटाची दारं कपाटासारखी सरकतात, दोन्ही बाजूंना, आणि तळ अगदी खाली. पहिल्याच दिवशी त्या कुणाचा हात न धरता आत जाऊन बसल्या. एरवी गाडीत बसताना एकानं मान वाकवायची, दुसऱ्यानं पाय उचलून आत ठेवायचे. इंग्लंडचं बोलणं निघालं तेव्हा त्यांनी फोनवर सांगितलं, “मी नाही येत. मला कुणी पोत्यासारखं कोंबलेलं आता सोसवत नाही.” ही गाडी इंग्लंडात विकलीच जात नाही. मी हट्ट धरला. लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढा हट्ट बहुधा पहिलाच!

जपानमध्ये तिचं नाव कमी केलं, नंबरच्या पाट्या परत दिल्या, निर्यातीचा दाखला घेतला. योकोहामाला ती जहाजावर चढली आणि आम्ही विमानात.

कुणी मैत्रीण अशीच गाडी घेऊन निघाली असेल तर तिच्यासाठी सांगते. साधारणपणे अशा गाडीवर दहा टक्के जकात आणि वर वीस टक्के व्हॅट भरावा लागतो. पण बिऱ्हाडच हलवून येणाऱ्याला सूट मिळते. निदान बारा महिने तुम्ही त्या देशाबाहेर राहिलेल्या हव्यात आणि गाडी निदान सहा महिने तुमच्या मालकीची व वापरातली हवी. अर्ज गाडी बंदरात लागण्याआधीच करावा. सूट घेतली की मग वर्षभर गाडी विकता येत नाही, कुणाला वापरायलाही देता येत नाही. पुढे हे वैतागून “विकून टाक ती ब्याद” म्हणायचे, तेव्हा मला हे कलम फार उपयोगी पडलं.

अर्ज अडला तो माझ्या नावावर. जपानी माणसं परकी नावं वेगळ्या लिपीत लिहितात. त्यांच्याकडे ‘ल’ नाही, ‘व’चीही पंचाईत. भाषांतर करणाऱ्यानं दाखल्यावरचं माझं नाव वाचलं ‘बैशारी’! आता पासपोर्टवरची वैशाली आणि गाडीची मालकीण बैशारी एकच, हे सिद्ध कसं करायचं? लग्नात सासरच्यांनी माझं नाव बदललं नव्हतं, ते इथे बदललं. भाषांतर पुन्हा करून घेतलं, जपानचं जुनं लायसन, विम्याचे कागद जोडले, तेव्हा एकदाची सूट मिळाली.

जूनमध्ये गाडी साउदॅम्प्टनला उतरली आणि ट्रेलरवरून घरी आली. आल्यापासून चौदा दिवसांत करखात्याला कळवावं लागतं, नाहीतर पुढे नंबर मिळत नाही. ते केलं. तोवर रस्त्यावर चालवायची नाही, रस्त्यावर उभीही करायची नाही. घरापुढच्या आमच्याच जागेत ती उभी, आणि मी पावसात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारातून पायी येतेय! दर रविवारी मी ती पुसायची. शेजारीण एकदा म्हणाली, “तुमची शोभेची गाडी छान आहे हं.”

दहा वर्षांच्या आतली असती तर निराळी, मोठी तपासणी असते. आमची अकरा वर्षांची, म्हणून एमओटी पुरेशी होती. ही तिथली वार्षिक तपासणी. दिव्यांचे झोत बदलावे लागले नाहीत, कारण दोन्ही देशांत गाड्या डावीकडूनच चालतात. अडचण होती ती मागच्या धुक्याच्या दिव्याची. दाट धुक्यात मागच्याला आपली गाडी दिसावी म्हणून इंग्लंडात मागे एक झगझगीत लाल दिवा लागतो, मधोमध किंवा चालकाच्या बाजूला. जपानी गाडीला तो नव्हता.

जवळच्या गॅरेजमध्ये बसवून घेतला. कारागीर सफाईदार होता. तो बाजूला झाला आणि मी बघितलं, दिवा डाव्या हाताला. नियम मी दोनदा वाचला होता. उजवीकडे पाहिजे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण कारागीर आत्मविश्वासानं बोलत होता, हे मान डोलावत होते, आणि मी, वाण्याच्या तराजूवर डोळा ठेवणारी बाई, गप्प बसले. वाटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं!

तपासणीत गाडी नापास. पुन्हा ट्रेलर, पुन्हा गॅरेज, आणि गॅरेजवाला म्हणतो तीन आठवडे वेळ नाही. सासूबाईंचं तिकीट सप्टेंबरच्या मध्याचं काढलेलं. रात्री मी यांना सांगितलं की मला ते तेव्हाच दिसलं होतं. हे बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “अगं, मग बोलली का नाहीस?” याला उत्तर नव्हतं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या खेपेला मी एकटी गेले. दिवा कुठे हवा तिथे खडूनं फुली मारून दिली, आणि दिवा लागल्याची खूण समोर दिसली पाहिजे हेही बजावलं. तिथेच वेगाची तबकडी मैलांची करून घेतली. तिकडचा कायदा मैल मागतो. यांचं म्हणणं होतं, कागदाच्या चिकटपट्ट्या लावू, तीस मैल म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. ऐकलं नाही.

एमओटी झाली. विम्याचं मात्र विचारू नका. फोनवरची मुलगी म्हणायची, असली गाडी आमच्या यादीतच नाही. सातव्या ठिकाणी चासी नंबरवर विमा मिळाला. मग नोंदणीचा फॉर्म, पंचावन्न पौंड आणि सगळे मूळ कागद टपालात टाकले. मूळ कागद टपालात टाकताना छातीत काय होतं ते बाईमाणसालाच कळेल.

नंबर आला तो विमान उतरायच्या दोन दिवस आधी. मागची खाच जपानी पाटीच्या मापाची, म्हणून आखूड, दोन ओळींची पाटी करून घेतली.

हीथ्रोला मीच गेले. हे शेजारी, हातात नकाशा नसूनही रस्ता सांगत होते. सासूबाई चाकाच्या खुर्चीतून बाहेर आल्या, गाडी ओळखीची दिसताच खुर्ची थांबवायला लावली. दार सरकलं. काठी माझ्याकडे दिली आणि आपल्या आपण आत बसल्या.

मी इंजिन सुरू केलं, तशी गाडीतली जपानी बाई नेहमीसारखं बोलली.

“ही अजून आहे का? काय म्हणते गं?”

“टोलनाक्याचं कार्ड घातलं नाही म्हणते.”

“मग घाल की.”

“इथे ते चालत नाही, आई.”

सासूबाईंनी पदर सारखा केला. “बरं. पण तिला बंद नको करूस. सांगते बिचारी काळजीनं.”