५९९ म्हणजे ७०७

नाशिकला इंदिरानगरात आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. मी घरून छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची रिटर्न भरते. नवरा सातपूरला कारखान्यात, शिफ्ट ड्यूटी. सासूबाई घरी असतात. त्यांना संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्ही लागतो, मला महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेला नेट लागतं. बाकीचे दिवस जरा इकडेतिकडे झालं तरी चालतं. एवढ्याच दोन गरजा. त्यांच्यापायी जो मनस्ताप झाला तो सांगते, कोणाच्या उपयोगी पडला तर पडो.

आधी आमच्याकडे दोन्ही गोष्टी वेगळ्या होत्या. टीव्हीला गल्लीतला केबलवाला, नेटला दुसऱ्याची वायर. केबलचे चारशे रुपये रोख, पावती मागितली तर "पुढच्या महिन्यात देतो". नेटचे सहाशे. नेट हळू होतं, पण चालू असायचं.

मग एका कंपनीची माणसं सोसायटीत टेबल टाकून बसली. फायबर, शंभर एमबीपीएस, त्यातच टीव्हीचे चॅनल, वर दोन-चार ओटीटी. सगळं मिळून ५९९ रुपये महिना. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर सातवा महिना फुकट. महिन्याला चारशे वाचत होते, नाही म्हणायला कारण नव्हतं.

पैसे भरायची वेळ आली तेव्हा आकडा निघाला ४,२४१. ५९९ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ७०७. माझं रोजचं कामच ते असल्यामुळे मला नवल वाटलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू मात्र बरोबर ५९९ रुपये हातात घेऊन आल्या होत्या, त्यांना परत वर जावं लागलं. याशिवाय जोडणीचे हजार रुपये. राउटर फुकट, पण कनेक्शन सोडताना परत दिला नाही तर त्याची किंमत वसूल. हे सगळं पत्रकाच्या तळाशी लिहिलेलं होतं. वाचायला भिंग लागलं असतं.

शंभर एमबीपीएसचंही तसंच. आमच्याकडच्या मुलांना वाटलं, शंभर एमबीची फाइल एका सेकंदात येणार. एमबीपीएसमधला बी हा बिटचा असतो, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सगळं नीट चाललं तरी सेकंदाला साडेबारा एमबी. घरात दोन भिंती ओलांडून वायफायवर त्याहून बरंच कमी. आम्हाला तेवढंही पुरून उरलं असतं, चालू राहिलं असतं तर.

सुरुवातीचे दोन महिने छान गेले. मग संध्याकाळचा त्रास सुरू झाला. साधारण साडेसहा-सातला नेट अडखळायचं, टीव्हीवर चित्र थिजायचं, कधी सगळंच बंद. टीव्ही नेटवरच चालत असल्यामुळे दोन्ही एकदम जायचं. सासूबाई रिमोट हातात धरून बसायच्या. "अगं, तुझं ते यंत्र बघ गं जरा," म्हणायच्या. सकाळी सगळं ठणठणीत.

कस्टमर केअरला फोन केला की आधी गाणं, मग बटणं दाबा, मग "मॅडम, राउटर बंद करून चालू करा". तक्रार नोंदवली की नंबर मिळायचा आणि चार तासांत काम होईल असा मेसेज यायचा. कोणी यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज यायचा, "तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे." नेट सकाळी आपोआप सुरू झालेलं असायचं, त्यामुळे त्यांच्या दप्तरी ते खरंही होतं. या मेसेजचा मला इतका राग यायचा की एकदा तो वाचून मी फोन गादीवर फेकला. फोन महाग आहे, म्हणून गादीवर.

शेवटी जो मुलगा आला तो कामाचा निघाला. विशी-बाविशीचा असेल. त्यानं राउटरला हातच लावला नाही, पिशवीतून पॉवर मीटर काढला. वायर राउटरमधून काढून मीटरला लावली. आकडा आला उणे २४. "ठीक आहे म्हणायचं," तो म्हणाला, "उणे वीसच्या आसपास असेल तर मजबूत. सत्तावीसच्या पलीकडे गेलं की लिंक तुटते." मी म्हटलं, अरे, पण संध्याकाळीच का तुटते? त्यानं वायर कुठून आत आलीय ते पाहिलं. ती हॉलच्या सरकत्या खिडकीच्या पट्टीतून आत घेतलेली होती. जोडणीच्या दिवशी भिंतीला भोक पाडायचा कंटाळा केला होता त्यांच्या माणसानं.

"ताई, खिडकी लावा बरं."

मी खिडकी लावली. मीटरवर उणे २९.

सासूबाई रोज दिवेलागणीला डासांसाठी ती खिडकी लावतात. खिडकीच्या कडेखाली वायर चेपली जायची. फायबरच्या आत काचेचा तंतू असतो आणि त्यातून प्रकाश जातो. तो तंतू जोरात वाकला की प्रकाश बाहेर सांडतो. सकाळी खिडकी उघडली की पुन्हा सुरळीत. इतके दिवस आम्ही सर्व्हरला, पावसाला, कंपनीला बोल लावत होतो. मुलगा हसला, मीही हसले. त्यानं ड्रिल मागवून भोक पाडलं, वायर मोकळी वळवून घेतली. चहा घेऊन गेला.

त्याच्याकडून मी आणखी एक गोष्ट शिकून घेतली, ती सगळ्यांना सांगते. राउटरवर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही. मग राउटर दहा वेळा बंद-चालू करा, काही होणार नाही. वायर कुठेतरी तुटली आहे किंवा चेपली आहे. आणि एलओएस बंद, पॉनचा दिवा स्थिर हिरवा, तरी नेट नाही, असं असेल तर लॉगिन, रिचार्ज किंवा त्यांच्या यंत्रणेची भानगड. फोनवर "लाल एलओएस आहे, माणूस पाठवा" एवढं म्हटलं की पुढची बरीच प्रश्नोत्तरं टळतात.

त्यानंतर काही आठवडे बरे गेले. मग रस्ते खोदायला सुरुवात झाली. सिंहस्थाच्या तयारीची कामं शहरभर निघाली, त्यात गॅसची लाइन, पाण्याची लाइन. आमच्या भागात फायबर खांबावरून, झाडावरून, काही ठिकाणी गटाराच्या कडेनं गेलेली. जेसीबी आला की वायर गेली. जोडायला माणूस येणार, दोन टोकं चिकटवणार. प्रत्येक जोडाला थोडा प्रकाश कमी होतो, म्हणजे जितकी वायर तुटून जोडली जाते तितकी लाइन अशक्त होत जाते.

एका महिन्याच्या वीस तारखेला सकाळीच लाल दिवा. जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, व्यवहार नसलेल्या रिटर्नला २०, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम मोठी नसते, पण ती दुकानदाराच्या नावावर पडते आणि तो मला विचारतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम सुरू केलं. शेवटच्या दिवशी पोर्टल आधीच रडत असतं, त्यात माझ्या घरात मोबाइलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ. ओट्यावर लॅपटॉप, बाजूला कुकर. रात्री उशिरा शेवटचं रिटर्न गेलं. मग थोडं रडूही आलं, नवरा रात्रपाळीला होता म्हणून कोणाला दिसलं नाही.

यावेळी लाइन आठवडाभर आली नाही. कस्टमर केअर म्हणायचं, "एरिया आउटेज आहे." तो पॉवर मीटरवाला मुलगा फोन उचलेना. शेवटी त्याच्याच ओळखीतल्या एकानं सांगितलं तेव्हा खरी गोष्ट कळली. आमच्या भागाची वायर, माणसं, दुरुस्ती हे सगळं कंपनीचं नव्हतंच. एका स्थानिक फ्रँचायझीवाल्याचं होतं. त्याचं आणि कंपनीचं कमिशनवरून वाजलं होतं. त्यानं मुलं काढून घेतली होती. जाहिरात, ॲप, कॉल सेंटर जागच्या जागी होतं, फक्त खांबावर चढणारा माणूस नव्हता.

मला वाटतं, नेट घेताना आपण इथेच फसतो. कंपनीचं नाव बघतो, स्पीड बघतो, फुकटचे ओटीटी मोजतो. सेवा मात्र चौकातल्या पेटीपासून घरापर्यंतच्या वायरीवर आणि ती सांभाळणाऱ्या दोन पोरांवर चालते. तीच कंपनी पाथर्डी फाट्याला उत्तम चालते, माझी बहीण तिथे राहते. आणि सहा महिन्यांचे पैसे आधीच दिलेले असले की आपल्या हातात काही उरत नाही.

सोसायटीतले एक निवृत्त वकील काका आहेत, त्यांनी रस्ता दाखवला. कॉल सेंटरशी भांडत बसू नका म्हणाले. तक्रारीचे सगळे नंबर, तारखा आणि ते "निवारण झालं"चे मेसेज एका कागदावर मांडा. दिव्याचा फोटो तारखेसह काढा. प्रत्येक टेलिकॉम कंपनीला अपिलासाठी वेगळी व्यवस्था ठेवावीच लागते, तिचा ईमेल कंपनीच्या साइटवर असतो, अपिलाला पैसे पडत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे लिहून वेळ घालवू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा, केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे टाका. आणि टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तो प्रश्न मिटवला आहे.

आयोगापर्यंत जायची वेळ आली नाही. अपील आणि १९१५ अशा दोन्हीकडे एकाच दिवशी लिहिलं. ज्यांना इतके दिवस माझं नाव माहीत नव्हतं त्यांचा त्याच आठवड्यात फोन आला, तोही मराठीत. आधी म्हणाले, महिनाभर मुदत वाढवून देतो. मी म्हटलं, बंद लाइनची मुदत वाढवून मी काय करू? मग उरलेल्या महिन्यांचे पैसे परत द्यायला तयार झाले. जोडणीचे हजार गेले ते गेले. फुकटचा सातवा महिना हिशेबात धरला नाही. मी ताणलं नाही, मला सुटका हवी होती.

टीव्हीचं मी वेगळं केलं. सासूबाई इतके दिवस मोबाइलवर मालिका बघत होत्या आणि डोळे चोळत होत्या, तेवढं मला बघवत नव्हतं. जुन्या केबलवाल्याला परत बोलावलं, पण यावेळी आधी हिशेब मागितला. २०१९ पासून नियम असा आहे की आपल्याला हव्या त्याच पैशाच्या वाहिन्या निवडता येतात आणि प्रत्येक वाहिनीची छापील किंमत असते. तरी केबलवाले गठ्ठाच गळ्यात मारतात, कारण त्यांना तो सोपा. त्यानं बिल काढून दाखवलं: नेटवर्कचे १३०, एका गठ्ठ्याचे ८५, दुसऱ्याचे ४९, खेळांचे ६२. झाले ३२६, वर जीएसटी धरून ३८४ रुपये ६८ पैसे. त्याचे तो चारशे घेत होता. खेळांच्या वाहिन्या आमच्या घरात कोणी लावत नाही. सासूबाईंना शेजारी बसवून विचारलं, तुम्ही नक्की काय बघता? त्यांनी बोटांवर मोजून सहा वाहिन्या सांगितल्या. सह्याद्री फुकटच येते. त्या सहांचे ७४ रुपये, नेटवर्कचे १३०, जीएसटीसह २४० रुपये ७२ पैसे. केबलवाला म्हणाला, "वहिनी, असं कोणी घेत नाही." मी म्हटलं, मी घेते. आता यूपीआयनं बरोबर तेवढेच पाठवते, पैशांसकट.

सध्या नेटवर्कच्या शुल्काला सरकारी मर्यादा नाही, २०२४ मध्ये ट्रायनं ती काढली. त्यामुळे तुमच्याकडे १३० ऐवजी वेगळा आकडा असू शकतो. पण तो जाहीर करावा लागतो, विचारायला लाजू नका.

नेट आता दुसऱ्या एका छोट्या कंपनीचं घेतलं आहे. घ्यायच्या आधी सोसायटीत आणि मागच्या गल्लीत विचारलं की वायर तुटली तर कोण येतं आणि किती वेळात येतं. ज्याचा माणूस जवळ राहतो त्याचं घेतलं. ५० एमबीपीएस, ओटीटी काही नाही, जीएसटीसह ५९० रुपये. टीव्ही धरून महिन्याला ८३१ जातात, म्हणजे त्या पॅकेजपेक्षा १२४ जास्त. ते मी आनंदानं देते. पैसे दर महिन्याला भरते, सूट दिली तरी एकदम भरत नाही. राउटरला एक छोटा यूपीएस लावला, लाइट गेली तरी दोन-तीन तास चालतो. मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं, त्याला हॉलमध्ये रेंज येते. आणि रिटर्न आता अठरा तारखेपर्यंत उरकते, दुकानदार कुरकुरतात तरी. यूपीएसचा खर्च मला आधी उगाच वाटला होता. मागच्या पावसात तो वसूल झाला.

जुना राउटर परत करताना त्यांच्या माणसाकडून सही आणि तारखेची पावती घेतली होती, यंत्राचा नंबर लिहून. तो कंटाळला होता, म्हणाला, "ॲपमध्ये दिसेल की." मी पावतीच मागितली. परवा मेसेज आला की माझ्याकडे राउटरचे दीड हजार रुपये थकले आहेत. मी पावतीचा फोटो त्याच अपिलाच्या ईमेलवर पाठवला आहे. तक्रारीचा नंबर आला आहे, उत्तर यायचं आहे.