मोतीला उतरता येत नाही

समोर ब्रिस्बेनचा किनारा. मोती डेकच्या कडेला नाक वर करून जमिनीचा वास घेतोय, शेपटी थांबत नाही. पण त्याला उतरता येणार नाही. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांचा रेबीज नाही, म्हणून बोटीतून आलेल्या कुत्र्याला बोटीवरच ठेवायचं. रेबीज आटोक्यात असलेल्या मान्यताप्राप्त देशातून रीतसर न्यायचं तर लस, रक्ततपासणी, नमुना प्रयोगशाळेत पोचल्यावर 180 दिवस थांबणं, परवाना, विमानप्रवास आणि मेलबर्नजवळ मिकलमला किमान 10 दिवस विलगीकरण. मोतीकडे बघून जीव तुटतो. तरी नियम मला पटतो. पिसाळलेलं जनावर गावात पाहिलेल्या कुणालाही पटेल. कुत्रा घेऊन समुद्रात निघणार असाल, तर मार्ग आखण्याआधी प्रत्येक देशाचे नियम वाचा.