हिंगाचा वास आला नाही तेव्हा

घरात एकाच आठवड्यात दोघं-तिघं आजारी पडले, तर कोणाला काय झालंय हे तुम्ही कसं ठरवता? एप्रिल 2021 मध्ये आमच्या रामनगरच्या घरात मी ते अंदाजाने ठरवलं आणि साफ चुकले.

माझं माहेर पुण्याचं. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा आम्ही तोंडाला रुमाल बांधून फिरायचो. त्यामुळे साथ ओळखण्यात मी स्वतःला जाणकार समजत होते. फ्लू म्हणजे सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी ताप आणि अंगदुखीने आडवा. सर्दी हळूहळू येते, शिंका आणि वाहतं नाक घेऊन, ताप फारसा नसतो. झालं माझं शास्त्र!

मुलगा तापाने फणफणला होता, नाकही वाहत होतं. माझं सगळं लक्ष त्याच्याकडे. सासूबाईंना ताप नव्हता, फक्त कोरडा खोकला आणि थकवा. इकडे त्या दिवसांत गव्हाची मळणी चालू असते, हवेत भुसा उडतो. "धुळीचा त्रास आहे, आई," म्हणत मी त्यांना काढा दिला.

चौथ्या दिवशी मी वरणाला हिंगाची फोडणी दिली. सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "हिंग संपलाय का गं?"

माझ्या पोटात गोळा आला. सर्दीत वास जातो तो बहुधा नाक चोंदल्यामुळे. त्यांचं नाक मोकळं होतं. त्या वर्षी कोरोनाची ती मोठी खूण होती. (ओमायक्रॉन आल्यावर ती कमी झाली आणि घसादुखी वाढली, म्हणून आज वास येतोय यावर निर्धास्त राहू नका.) ऑक्सिमीटर लावला तर आकडा 90. यंत्र बिघडलं असेल म्हणून माझ्या बोटाला लावलं, 98! धाप नाही, तक्रार नाही, आणि ऑक्सिजन मात्र 94 च्या खाली.

त्याच दुपारी पूल ओलांडून वाराणसीत नेलं. नऊ दिवस त्या ऑक्सिजनवर होत्या. मुलाची तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप तीन दिवसांत उतरला.

डॉक्टरांनी मला चांगलंच सुनावलं. लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात, की तपासणीशिवाय तेही सांगू शकत नाहीत. शिवाय फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर जास्त लागू पडतं, म्हणजे वाट पाहण्यात तिथेही तोटाच. आणि हो, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या विषाणूवर काही करत नाहीत. मी त्याही देणार होते!

दोन वर्षांच्या खंडानंतर 2022 मध्ये रामनगरची रामलीला परत सुरू झाली. सासूबाई आपलं आसन घेऊन पहिल्याच दिवशी हजर. पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्यांना ठसका लागला आणि मी पर्समधून ऑक्सिमीटर काढला. 97.

"धूळ आहे गं," त्या म्हणाल्या आणि बोट सोडवून घेतलं.