हवा कमी करू नकोस

सातारा, ८ जून

चि. मुग्धा,


काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, ‘मामा, ऊन फार आहे, म्हणून चाकांत पाच पॉइंट हवा कमीच ठेवलीय.’ माझ्या पोटात गोळाच आला. पावसाळ्यासाठी कुठल्या कंपनीचे टायर घेऊ, एवढंच तू विचारलं होतंस. नावाजलेल्या कोणत्याही कंपनीचे घे. फक्त जुन्या टायरवरचं माप, वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर तेच राहू दे. पण आधी हवेचं बोलू.

हे खूळ तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? पंपावरच्या पोराने? अगं, नुसत्या उन्हाने टायर फुटत नाही. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायरची कड दबते, सुटते, पुन्हा दबते. त्याने रबर आतून तापतं आणि आतल्या धाग्यांपासून सुटायला लागतं. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर तू तासन्‌तास १२०ने जाणार. सिन्नरला टायर फुटला होता, ते विसरलीस का? तुझ्या बाबांनीही तेव्हा ‘हवा कमीच बरी’ म्हटलं होतं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. गाडी भरलेली असताना हवा किती, ते त्यावर बघ आणि सकाळी चाकं थंड असताना तेवढी भर. वाटेत तापल्यावर चार-पाच पॉइंट वाढलेले दिसतील. बनवणाऱ्यांनी ते धरलेलेच असतात, घाबरून सोडू नकोस. नायट्रोजनसाठी पैसे घालवायची गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

आता टायरचं. आपला सुहास जर्मनीत थंडीचे टायर वेगळे लावतो, ते बरोबर आहे. तापमान ७ अंशांखाली गेलं की साधं रबर कडक होतं, पकड सुटते. ते मऊ रबर आपल्या नागपूरच्या उन्हात भराभर झिजेल. आपल्याला हवी नक्षीची खोली. खाचांतून पाणी बाहेर पडलं नाही तर वेगात चाक पाण्यावर तरंगतं. मग ब्रेक लागत नाही की स्टिअरिंग ऐकत नाही. खाचेच्या तळाशी बोट घाल, रबराचा छोटा उंचवटा लागेल. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की उरले १.६ मिलिमीटर, म्हणजे कायद्यानेही टायर संपला. मी तर म्हणतो, पावसाच्या तोंडावर ३ उरले तरी बदल.

आणि दोनच नवे घेणार असशील तर मागे बसव. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर, म्हणून नवे पुढे, असं दुकानदार सांगेल. ऐकू नकोस. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते, निदान तुला कळतं. मागची सुटली की गर्रकन फिरते. ताम्हिणी घाटात फिरायला जागा आहे कुठे?

स्टेपनीही बघ. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३२१६’ असेल तर ती २०१६ची आहे, नक्षी कितीही कोरी दिसो. गाडी जुनी घेतलीस तेव्हाच मी हे म्हटलं होतं.

गुरुवारच्या प्रवासात ताई आणि पोरं मागे बसणार आहेत. बुधवारी सकाळी पाचही टायरचे फोटो पाठव, ते आकडे दिसतील असे. नाही आले तर मी ताईलाच फोन करून सांगेन, गाडीत बसू नकोस म्हणून.

तुझा,
अण्णामामा