परसातला चैत्र

मैत्रिणींनो, ऊन तापलं की कोथिंबीर फुलावर येते. हळहळू नका, धणे धरू द्या. आमच्या वालाचे शेंडे माव्यानं काळे पडले, तशी ह्यांचं पालुपद सुरू: "बाजारात भाजी मिळत नाही का?" शेंडे खुडले, निंबोळीचा अर्क मारला, निम्मा वेल वाचला.

दुधीची फुलं गळताहेत म्हणून सासूबाई दृष्ट काढायला निघाल्या! अहो, आधी येतात ती नरफुलं, गळायचीच. ज्या फुलाखाली इवलासा दुधी दिसेल, ते मादीफूल. दुधी फुलतो संध्याकाळी. तेव्हाच नरफुलाचा पराग त्यावर अलगद टेकवा.

आता नळ दिवसाआड. टोमॅटो उपटले, तांदूळ धुतलेलं पाणी दुधीला. मिरचीची पानं मात्र चुरडलीत. तिला पाणी घालावं की नाही, रोज तांब्या हातात घेऊन उभी राहते.